मनुष्याचे बळ ते मनुष्यबळ

नाथा ढोमसे हा माणूस बघायचा तर कानांपासून सुरुवात करावी. पैलवानाचे कान घासून घासून फुटतात आणि त्यांची भजी होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाथाच्या कानांची पार जिलेबी झालेली आहे. चष्म्याची काडी त्यावर टिकत नाही. म्हणून त्यानं चष्म्याला लाल करदोडा बांधलाय आणि डोक्यामागं गाठ मारलीय. गाठ सुटली की समोरचा माणूस कोण, हे आधी विचारून घेतो आणि मग बोलतो.

आमचं गाव निफाडपासून दोन कोसांवर. नाथा आणि मी पहिलीपासून सातवीपर्यंत एकाच बसकरावर बसलो. तेव्हा शाळा तपासायला दिपोटी यायचे. एकदा एका दिपोटीनं नाथाला उभं केलं आणि विचारलं, पाच मुलांतली दोन गेली, तर किती राहिली? नाथानं उलट विचारलं, कुठं गेली? दिपोटी म्हणाले, कुठंही जाऊ देत. नाथा म्हणाला, असं कसं, आणि वर्गाबाहेर पडला. थोड्या वेळानं जांभळीखालून दोन पोरांना बखोटीला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "आता पाच." गुरुजींनी त्याला मारलं, पण मारताना ते हसत होते, हे मी पट्टीच्या आवाजावरून ओळखलं.

कुस्तीचंही त्याचं तसंच. यात्रेत त्याची एकदा चांदवडकडच्या पैलवानाशी जोड लागली. पाऊण तास दोघं एकमेकाच्या मानेत हात घालून उभे, हलेनात. लोकांना वाटलं, काय तुल्यबळ लढत आहे. पंच जवळ जाऊन कान लावून बघतो, तर दोघं बोलत होते. त्या पैलवानाचा भाऊ लग्नाचा होता, आणि नाथाची बहीण मैना उपवर होती. कुस्ती बरोबरीत सुटली आणि सोयरीक जमली. मैना अजून सांगते, मला बघायला पाहुणे आलेच नाहीत, माझं लग्न लंगोटावरच ठरलं.

तर असा हा नाथा, वय वर्षं सहासष्ट, गेली एकतीस वर्षं आमच्या गावची तालीम चालवतो. तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची पत्र्याची लांबोडकी खोली, आणि तिच्यापुढं ओसरी, म्हणजे आमची वसरी. खोलीत कुस्तीचा हौदा, आणि हौद्यात तांबडी माती. ही माती नुसती माती नव्हे. ती चाळणीनं चाळलेली, आणि दर महिन्याला तीत ताक, हळद, लिंबाचा रस आणि गोडं तेल मिसळलेलं. एकतीस वर्षं मुरलेलं लोणचंच म्हणा. नाथाची बायको कुसाबाई सांगते, "भाऊजी, आमच्या घरात कढी होत नाही. ताक मातीला, हळद मातीला. मीच काय ती कोरडी राहिले."

यंदा मार्च महिन्यात या मातीवर संकट आलं.

झालं असं, की गावाला व्यायामशाळा मंजूर झाली. नवी खोली बांधायची नव्हती, आहे तीच नीट करायची होती. ग्रामसेवक, म्हणजे आमचे भाऊसाहेब, यांनी अटी वाचून दाखवल्या. त्यातली चौथी अट अशी होती, की व्यायामशाळेचा ताबा प्रमाणित प्रशिक्षकाकडं राहील. नाथानं विचारलं, प्रमाणित म्हणजे काय? भाऊसाहेब म्हणाले, कागद असलेला.

गावात कागद असलेला एकच, शेखर. नाथाच्याच हाताखाली वाढलेला पोरगा. वय पंचवीस, दंड असे की शर्टाच्या बाह्या रडतात. नाशकात गंगापूर रोडला सहा आठवड्यांचा कोर्स करून आला होता आणि छापील प्रमाणपत्र त्यानं गाडीच्या डिकीत जपून ठेवलं होतं. पोरगा वाईट नाही. फक्त त्याला वजनाची यंत्रं हवी होती, भिंतभर आरसा हवा होता, आणि हौदा बुजवून त्यावर फरशी हवी होती. वस्तादाच्या पाया पडून त्यानं हे सांगितलं. पाया पडून सांगितल्यामुळं नाथाला रागावताही येईना.

एक मे रोजी ग्रामसभा होती. त्या दिवशी ताबा कुणाकडं, हे ठरणार होतं. ताबा शेखरकडं गेला की हौद्यावर फरशी बसणार. नाथानं जेवण कमी केलं. म्हणजे सहा भाकरींवरून चारवर आला. कुसाबाईनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, भाऊजी, काहीतरी करा, ह्या वयात ह्यांना कुणी कागद देणार असेल तर बघा.

आणि आठवडाभरात ग्रामपंचायतीत एक पत्र आलं. सातपूरच्या कुठल्याशा मनुष्यबळ पात्रता मंडळाचं. मजकूर मला पाठच आहे: "मनुष्यबळ विकास क्षेत्रातील व्यावसायिक पात्रता व प्रशिक्षण मानके निश्चित करण्यासाठी तज्ज्ञ समिती गठित करण्यात येत असून, आपल्या भागातील, मनुष्यबळ घडविण्याचा किमान वीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या एका व्यक्तीचे नाव कळवावे. औपचारिक शिक्षणाची अट नाही. सक्षम व्यक्तीस प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे."

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांना वाटलं, द्राक्षाच्या बागेत मजूर पुरवणारा मुकादम पाठवावा. मी म्हणालो, थांबा. मी सातवी पास असलो तरी त्या काळातली सातवी आहे; समास आम्हाला मारून शिकवलेत. मनुष्याचे बळ ते मनुष्यबळ. षष्ठी तत्पुरुष. माणसाच्या अंगातलं बळ जो घडवतो, तो माणूस त्यांना हवाय. आता ते मुकादमाचं काम आहे का वस्तादाचं, तुम्हीच सांगा.

भाऊसाहेब पदवीधर आहेत, पण इंग्रजीतून. समासापुढं त्यांचं काही चालेना. त्यांनी नाथाचं नाव कळवलं. पंधरा दिवसांत बोलावणं आलं, आणि खाली एक ओळ होती: प्रशिक्षण साहित्याचा नमुना सोबत आणावा.

नाथानं पाच किलो माती आणली.

निफाडहून एसटी, मग नाशकात शहरबस, असं करत आम्ही सातपूरला उतरलो तेव्हा पहिली पाळी भरत होती. मोटारसायकलींचा नुसता लोंढा. नाथाच्या डोक्याला फेटा, फेट्याखाली चष्म्याचा करदोडा, हातात मातीची पिशवी. वाटेत दोघा-तिघांनी त्याला नर्सरीवाला समजून कुंडीचा भाव विचारला.

मंडळाचं दालन मात्र गार होतं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. नाथाच्या पाटीवर लिहिलं होतं: श्री. नाथा ढोमसे, मनुष्यबळ तज्ज्ञ (ग्रामीण). त्यानं ती पाटी हातात घेऊन मला तीनदा वाचायला लावली आणि मग हळूच फेट्यात खोचायला लागला. मी म्हणालो, अरे, ती इथंच ठेवायची असते.

समितीच्या प्रमुख वैष्णवी मॅडम होत्या. तिशीच्या, हसऱ्या, भराभर लिहून घेणाऱ्या. त्यांच्या शेजारी ललित सर, कुठल्याशा मोठ्या कारखान्यात माणसांच्या भरतीचं आणि बढतीचं खातं तीस वर्षं सांभाळलेले. आणखी पाच-सहा मंडळी होती, पण ती सारखी फोनकडं बघत होती, म्हणून त्यांची नावं मी विचारली नाहीत.

मॅडमनी सुरुवात केली. काका, तुमच्या हाताखाली सध्या माणसं किती? नाथा म्हणाला, सतरा. द्राक्षं उरकली की पंचवीसवर जातील. मॅडमनी लिहिलं. मग विचारलं, "नवीन माणूस घेताना सगळ्यात आधी काय बघता?"

"मान," नाथा म्हणाला.

मॅडमचं पेन थांबलं.

"मान मजबूत लागती, बाई. बाकीचं समदं नंतर करता येतं. मान नसंल तर त्याला घेऊन उपेग नाय."

ललित सरांनी डोळे मिटून मान हलवली. मॅडमनी पानाच्या वरच्या बाजूला ठळक लिहिलं: आत्मसन्मान. मी लांबून बघत होतो. मला वाटलं, शहरात मानेला असं म्हणत असतील.

मग नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय काम देता, असं विचारलं. नाथा म्हणाला, महिनाभर माती उकरायला लावतो. ललित सर म्हणाले, म्हणजे काम तळापासून कळतं. दोघांचं पटेनासं झालं तर? नाथा म्हणाला, जोड लावून देतो, पण वजन बघून. वजनदार माणूस हलक्यावर घालायचा नाही, तो त्याची पाठ मोडतो. हे ऐकून फोनवाले दोघं फोन खाली ठेवून बसले. त्यातला एक म्हणाला, आमच्याकडं नेमकं हेच होतं.

"आणि गळती?" मॅडमनी विचारलं. "तुमच्याकडं गळतीचं प्रमाण किती?"

मला नंतर कळलं, की माणसं नोकरी सोडून जातात त्याला ही मंडळी गळती म्हणतात. नाथाला आपली एकच गळती माहीत.

"पावसाळ्यात होती," तो म्हणाला. "दोन पत्रे टाकावे लागतात. मंग थांबती."

"नुसत्या दोन पत्रांवर?" ललित सर चकित झाले. "आम्ही तर सात-सात पत्रं पाठवतो, तरी लोक थांबत नाहीत."

"जाड टाका," नाथा म्हणाला.

आता पत्रा पुल्लिंगी आणि पत्र नपुंसकलिंगी. नीट ऐकलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण त्या गारव्यात व्याकरण कोण बघतो.

मग साहित्याचा नमुना दाखवायची वेळ आली. नाथानं पिशवी उचलली आणि टेबलावर, त्या चकचकीत काचेवर, पाच किलो माती ओतली. तिला ताकाचा आणि हळदीचा वास. नाथा म्हणाला, चिमूटभर घ्या, कपाळाला लावा, मग पुढचं सांगतो. वस्तादाचा आवाज मोठा गोड असतो, पण त्याला नाही म्हणता येत नाही. एकेकानं चिमूट घेतली. ललित सरांनी तर चष्मा काढून भक्तिभावानं आडवा पट्टा ओढला. मॅडम म्हणाल्या, हा सरावाचा प्रकार फार वेगळा आहे, याला काय नाव द्यायचं? नाथा म्हणाला, तालीम.

"हो, तालीमच," ललित सर म्हणाले, "आम्ही प्रशिक्षण म्हणतो, तुम्ही तालीम म्हणता, एकच. पण कशाची तालीम? मजुरांची, कारागिरांची?"

"कुस्तीची," नाथा म्हणाला.

आठ माणसं कपाळाला माती लावून एकमेकांच्या कपाळाकडं बघतायत, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी वैष्णवी मॅडमनी फार सांभाळून समजावलं. मनुष्यबळ म्हणजे माणसाच्या अंगातली ताकद नाही, काका. माणसं हेच बळ. कचेरीत, कारखान्यात काम करणारी माणसं. त्यांना निवडायचं, शिकवायचं, त्यांची भांडणं मिटवायची, त्यांच्या रजा बघायच्या, हे काम करणाऱ्यांना काय काय आलं पाहिजे, ते आम्ही ठरवतोय.

मला घाम फुटला. माणसं हेच बळ. म्हणजे तत्पुरुष नव्हताच, कर्मधारय होता. पन्नासेक वर्षांपूर्वी गुरुजींनी याच दोघांत घोटाळा केला म्हणून मला अंगठे धरून उभं केलं होतं, आणि मी पुन्हा तिथंच चुकलो होतो. बरं, चुकलो तो चुकलो, आठ माणसांना माती लावून चुकलो.

नाथा उठला. दोन्ही हातांनी माती गोळा करून पिशवीत भरायला लागला. "चूक झाली, बाई," तो म्हणाला. "आमचा आखाडा न्हवता हा. कागदासाठी आलो होतो. तुमचा येळ घेतला." आणि कशासाठी कागद हवा होता, ते त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. हौदा, फरशी, एक मे.

मॅडम आपल्या वहीची पानं उलटत होत्या. चार पानं भरली होती. "ललित सर," त्या म्हणाल्या, "यातलं खोडायचं कोणतं, सांगा."

ललित सरांनी वाचलं. पत्र्यांची ओळ तेवढी खोडली. बाकीची राहिली.

मग मॅडमनी एक गोष्ट सांगितली. शाळा न शिकता, नुसत्या अनुभवावर ज्याला माणसं सांभाळता येतात, त्याची तोंडी परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावं, असं कलम त्यांनी नव्या मानकांत घातलं होतं. पण ते अजून कुणावर करून पाहिलं नव्हतं. काका, तुमची हरकत नसेल तर तुमच्यावर करून बघू. कुस्तीचं मिळणार नाही, माणसं सांभाळायचं मिळेल. तेही जमलं तर.

नाथानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बस, जातंय काय. तो बसला.

पहिला प्रश्न ललित सरांचा. एक कामगार रोज उशिरा येतो, बोलून झालं, पत्रं देऊन झाली, काय कराल? नाथा म्हणाला, फाटकाची किल्ली त्याच्याकडं द्यावी. मग बाकीचे त्याच्या घरापुढं जाऊन त्याच्या आईबापाला हाका मारतात. आठ दिवसांत सुधारतो. शेखर चौदा वर्षांचा असताना असाच सुधारला होता. शेखरची आई तेव्हापासून नाथाशी बोलत नव्हती ते वेगळं.

दुसरा मॅडमचा. एकाच खात्यातले दोन साहेब सहा महिने एकमेकांशी बोलत नाहीत. यावर नाथा हसला. म्हणाला, दोघांना एका मोटारसायकलवर बसवून सातपूरहून निफाडला पाठवा. एखादा खड्डा बोलल्याशिवाय निघंल, दोन निघतील, पण तिसऱ्या खड्ड्याला मागचा बोलतोच. काय बोलतो ते सोडा, पण बोलतो.

फोनवाल्यांपैकी दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघायला लागले.

तिसरा प्रश्न पुन्हा ललित सरांनीच विचारला, जरा खालच्या आवाजात. चूक साहेबाचीच असली तर?

"तर साहेबानं शंभर जोर मारायचे," नाथा म्हणाला. "समद्यांसमोर. मी मारतो. आता गुडघ्यामुळं साठच होतात, बाकीचे उद्यावर."

यावर समितीत अर्धा तास चर्चा झाली. मानकात जोर घालावेत की नाहीत? एक म्हणाला शंभर फार होतात. दुसरा म्हणाला स्त्री-अधिकाऱ्यांसाठी वेगळी तरतूद हवी. त्यावर मॅडम म्हणाल्या, मी ऐंशी मारते, रोज. शेवटी ललित सरांनी तोडगा काढला: "वरिष्ठाने स्वतःची चूक सर्वांसमोर यथाशक्ती मान्य करावी." नाथाला यथाशक्ती हा शब्द इतका आवडला, की जेवताना त्यानं तिसऱ्यांदा गुलाबजाम मागितले ते यथाशक्ती वाढा म्हणूनच.

संध्याकाळी प्रमाणपत्र हातात आलं. मनुष्यबळ व्यवस्थापन, स्तर चार, अनुभवाधारित. खाली दोन सह्या, आणि कोपऱ्यात तांबड्या मातीचं एक बोट उमटलेलं, ते बहुधा ललित सरांचं.

परतीच्या एसटीत मी नाथाला पढवत होतो. म्हणालो, गावात कुणाला काही सांगू नको. कागदावर मनुष्यबळ लिहिलंय ना, भाऊसाहेबांना मी आधीच तत्पुरुष करून दिलाय. तोच लावतील, ताबा तुझा. अख्खं गाव तोच लावील. चूक आपण थोडीच केली, समास अवघड आहे.

नाथा खिडकीतून बाहेर बघत होता. चांदोरी गेल्यावर त्यानं कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "गड्या, पंचाला फशिवलेली कुस्ती अंगी लागत नाय. ह्या कागदाच्या मागं काय लिव्हलंय ते वाच."

मागं यादी होती. सदर व्यक्ती पुढील कामांस पात्र आहे: नेमणूक करणे, काम वाटून देणे, कामाच्या जागेची व्यवस्था ठरवणे, तंटे मिटवणे, रजा मंजूर करणे.

"पुन्यांदा वाच," तो म्हणाला. मी वाचलं. "रजा बी?" मी म्हणालो, रजा पण. मग तो गाव येईपर्यंत झोपला, आणि घरी जाऊन त्यानं सहा भाकरी खाल्ल्या. कुसाबाईनं मला निरोप पाठवला, की काय केलंत माहीत नाही, पण पीठ संपलं.

एक मेला ग्रामसभा भरली. ध्वजारोहण झालेलं, त्यामुळं झाडून सगळे पुरुष आणि बऱ्याच बाया तिथंच होत्या. भाऊसाहेबांनी चौथी अट वाचली. शेखरनं डिकीतून प्रमाणपत्र आणलं. ते इंग्रजीत होतं. भाऊसाहेबांनी पुन्हा पुन्हा बघून मराठीत सांगितलं, की शेखर यंत्रांवरचा व्यायाम आणि झुंबा नाच शिकवायला पात्र आहे. मागून कुणी बाई म्हणाली, नाच कधी सुरू होणार ते आधी सांगा. शेखर कानापर्यंत लाल झाला.

मग नाथाचा कागद पुढं आला. भाऊसाहेबांनी मनुष्यबळ एवढाच शब्द मोठ्यानं वाचला आणि टाळ्या पडल्या. मी जागेवर चुळबुळलो. आता गप्प राहिला असता तर काम तिथंच झालं होतं. पण नाथा उभा राहिला, करदोड्याची गाठ आवळली आणि म्हणाला:

"टाळ्या थांबवा. हा कागद कुस्तीचा नाय. मनुष्यबळ म्हंजे माणसं. माणसं सांभाळायचा कागद हाय हा, हापिसातला. शेखरचा कागद शिकवायचा हाय, तो खरा हाय. ताबा त्यालाच द्या."

कुसाबाईनं कपाळाला हात लावला.

नाथा पुढं म्हणाला, "पण शिकवणारा आला की त्याला नेमणारा लागतो. काम वाटून देणारा लागतो, रजा देणारा लागतो. तसं मागच्या बाजूला लिव्हलंय. वाचा, भाऊसाहेब. शिकवील शेखर. शेखरला सांभाळीन मी."

भाऊसाहेबांनी मागची बाजू वाचली. मग अटींचा कागद पुन्हा वाचला, पहिली ते अकरावी. व्यायामशाळेला व्यवस्थापक नेमावा असं कुठं नव्हतं. नेमू नये असंही कुठं नव्हतं. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. जे कुठंच लिहिलेलं नसतं त्यावर ठराव करायला ग्रामसेवकाला मोकळीक असते.

एवढ्यात शेखर उठला. म्हणाला, वस्ताद, तुमच्या हाताखाली मी कधी नव्हतो? पण फरशीचं काय?

नाथानं कागदावर बोट ठेवलं. कामाच्या जागेची व्यवस्था ठरवणे. "फरशी वसरीत. यंत्रं बी वसरीत. हौदा जागचा हलायचा नाय."

"आणि आरसा?" शेखर म्हणाला. आवाज असा, की जणू आता तोही गेला.

नाथा विचारात पडला. सगळी सभा त्याच्याकडं बघत होती. हौद्याच्या खोलीत आरसा ही कल्पना त्याला पटत नव्हती, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. पण तंटे मिटवणे हेही यादीत होतं.

"बसव," तो शेवटी म्हणाला. "पण मातीकडं तोंड करून. पाठ मातीला लागल्यावर पोराला सोताचं तोंड दिसलं पायजे."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक मी, अनुमोदक शेखरची आई. अकरा वर्षांनी ती नाथाशी बोलली, आणि बोलली काय, तर माझ्या पोराला जास्त राबवू नका.

आता तीन महिने झालेत. नाथा रोज पहाटे पाचला तालमीत जातो, पण सकाळी नऊला एकदा घरी येऊन, धुवट सदरा घालून, पुन्हा तालमीत जातो. विचारलं तर म्हणतो, पहिली पाळी वस्तादाची, दुसरी व्यवस्थापकाची. बुधवारी दुपारी वसरीत बायांचा झुंबा असतो. तेव्हा तो हौद्याच्या खोलीचं दार लावून आत बसतो आणि हजेरी बाहेरून ऐकून लिहितो. एकदा सातपूरहून ललित सर गाडी घेऊन आले होते. त्यांच्या मागं दोन गंभीर चेहऱ्याचे साहेब मोटारसायकलवरून आले, आणि उतरल्या उतरल्या रस्त्याबद्दल एकमेकांशी भांडायला लागले. ललित सरांनी नाथाला लांबूनच नमस्कार केला.

मागच्या आठवड्यात शेखरनं पहिला रजेचा अर्ज दिला. कारण: पिंपळगावला मुलगी बघायला जाणे. एक दिवस. नाथा तो अर्ज घेऊन माझ्याकडं आला, कारण त्यावर शेरा मारावा लागतो असं त्याला सातपूरला सांगितलं होतं, आणि शेरा शुद्ध असावा अशी त्याची इच्छा होती. आम्ही दोघांनी तासभर खल केला. मी तीन मसुदे काढले. त्याला एकही आवडला नाही. शेवटी त्यानं पेन स्वतःच्या हातात घेतलं, जीभ बाहेर काढून, सातवीतल्यासारखं एकेक अक्षर कोरलं आणि मला वाचायला दिलं:

"रजा मंजूर. तिथं शर्ट काढून दंड दाखवू नये. मुलीला बोलू द्यावे."